खेळाडूचे बक्षीस आणि प्राप्तिकर
(ज्ञातिसंस्थेच्या बार्शी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भगवंताच्या या नगरीत आज आपण ज्ञातीतील गुणवंत खेळाडूंच्या हाती थैल्या दिल्या. अशा मंगल प्रसंगी मी एक रूक्ष प्रश्न उपस्थित करीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. या थैलीतील किती रक्कम त्या मुलाची आणि किती सरकारची?

१९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर पुन्हा कुस्त्या मारून त्यांनी ते घर सोडविण्यास हातभार लावला. तात्पर्य, मल्लाचे इनाम हे आयते धन नव्हे; खुराकाचे, प्रवासाचे आणि गुरुजनांचे देणे त्यातून फेडावयाचे असते.

कायद्यानेही हे अंशतः मानले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १० (१७अ) अन्वये सरकारने लोकहितार्थ दिलेली, किंवा केंद्र सरकारने मान्य केलेली पारितोषिके करमुक्त झाली. ऑलिंपिक, राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांतील पदकविजेत्यांना केंद्र व राज्य सरकारे देतात ती बक्षिसे २८ जानेवारी २०१४ च्या आदेशाने या सवलतीत आली. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांना राज्य शासनाने जाहीर केलेले एक कोटी रुपये याच वर्गात मोडतात.

परंतु आपल्या थैलीचे काय? १९८६ च्या एका परिपत्रकात असे म्हटले होते की, जो खेळाडू व्यावसायिक नाही त्याचे पारितोषिक ही वैयक्तिक भेट समजावी. व्यावसायिकाचे मात्र उत्पन्न समजावे. पुढे भेटींवरही कर आला. आप्तेतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम पन्नास हजारांवर गेली की सारीच उत्पन्नात धरावी, असा नियम झाला. विधिवत नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेकडून आलेल्या देणगीस त्यातून वगळले होते. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल त्याला चिंतेचे कारण नाही. पण नोकरी लागलेल्या खेळाडूला नोटीस यावयाची ती याच ठिकाणी.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. थैली व्यक्तीच्या नावे न देता नोंदणीकृत संस्थेच्या नावे द्यावी आणि ती नोंदणी चालू असल्याची खात्री करून घ्यावी. रक्कम धनादेशाने द्यावी व सोबत पत्र द्यावे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा अमलात आला असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा सल्लागारास विचारूनच विवरणपत्र भरावे.

शिखरावरच्या खेळाडूचा सन्मान सरकार करते. गावच्या फडातील पोराचा हिशेब नीट ठेवणे हे मात्र आपले काम आहे. आपण त्याला दिलेला हार उद्या त्याच्या गळ्यात ओझे होऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.