दमट हवेतील बागा आणि पाण्याचा हिशेब



मुंबईसारख्या शहरात आज एखादी मोठी कचेरी, हॉटेल अथवा दुकानांचे संकुल उभे राहिले की त्याच्या दर्शनी भागी हिरवळीचा एक पट्टा, फुलझाडांच्या रांगा व काही शोभिवंत वृक्ष ही ठरलेलीच असतात. ही बाग त्या व्यापाराची शोभा होय, आणि शोभेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. परंतु त्या बागेस पाणी किती लागते, प्रत्यक्षात घातले किती जाते आणि ते येते कोठून, हे प्रश्न त्या संकुलाच्या मालकापुरते राहत नाहीत. ते सबंध शहराचे होतात. त्यांचा थोडा हिशेब आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

पाणी कोठून येते, ते प्रथम पाहू. मुंबईस सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार, जो १८६० साली पुरा झाला, आणि तुळशी हे दोन तेवढे शहराच्या हद्दीत आहेत. १८९२ साली तानसाचे पाणी आले व त्यानंतर शहर पाण्यासाठी उत्तरोत्तर दूरच जात राहिले. तानसा, भातसा व मोडकसागर हे जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशयांतील साठा खालावला, तेव्हा मुंबईच्या पुरवठ्यात ३० मेपासून शेकडा ५ व ५ जूनपासून शेकडा १० कपात करण्यात आली होती. असे हे पाणी नळाने येवो वा टँकरने येवो, ते हिरवळीवर उडवावयाचे तर मोजून उडविले पाहिजे, एवढे तरी सर्वांस मान्य व्हावे.

आता हवेचा विचार करू. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे जातात. कोरडे म्हणजे पावसावाचूनचे, कारण हवेतील दमटपणा बाराही महिने आपली साथ सोडीत नाही. येथेच एक मोठा गैरसमज उत्पन्न होतो. एप्रिल-मे महिन्यांत आपले अंग घामाने निथळते, जीव कासावीस होतो आणि आपणांस वाटते की, झाडेही अशीच तहानेने व्याकूळ झाली असतील. वस्तुतः घाम निथळतो तो वाळत नाही म्हणून, आणि वाळत नाही याचे कारण हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. त्याच कारणाने झाडाच्या पानांतून व मातीतून पाणी उडून जाण्याचा वेगही मंदावतो. मे महिन्यात जळगावच्या कोरड्या झळांत जेवढे पाणी एका दिवसात उडून जाते, त्याहून मुंबईत पुष्कळ कमी उडते. तात्पर्य, आपली तगमग हे झाडाच्या तहानेचे माप नव्हे.

मग माप कोणते? शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक सोयीची रीत घालून दिली आहे. ऊन, वारा, उष्णता व आर्द्रता यांवरून जमिनीतून आणि पानांतून मिळून रोज किती मिलिमीटर पाणी उडेल, याचे गणित मांडता येते. इंग्लंडमध्ये पेनमन यांनी १९४८ साली या गणिताचा पाया घातला आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९८ साली त्याचे सुधारलेले रूप जगभर वापरण्यासाठी प्रसिद्ध केले. मुंबईच्या किनारी हवेत ढोबळ मानाने हा आकडा हिवाळ्यात ४ मिलिमीटरांच्या आसपास व कडक उन्हाळ्यात ५ मिलिमीटरांच्या आसपास धरावा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशेब कोणासही करता येतो.

एक हजार चौरस मीटरांची हिरवळ घेऊ. उष्ण प्रदेशातील हरळीजातीचे गवत या आकड्याच्या सुमारे आठ दशांश पाण्यावर चांगले राहते. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला ४ मिलिमीटर, अर्थात ४००० लिटर. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील सर्वमान्य प्रमाण आहे. त्या प्रमाणाने हे सुमारे तीस माणसांचे पाणी झाले. तेवढ्याच जागेत कण्हेर, तगर, बोगनवेल यांसारखी रुळलेली झुडपे लाविली, तर निम्म्याच्या आसपास भागते. म्हणून जेथे कोणी बसत नाही, मुले खेळत नाहीत, अशा रस्त्याकडच्या पट्ट्यात गवत लावावे की झुडपे, हा प्रश्न बागेचा आराखडा कागदावर असतानाच विचारावयास हवा.

परंतु खरी उधळपट्टी याच्या पुढची आहे. गवतास ४००० लिटर लागतात, म्हणून तेवढेच घातले जातात असे नव्हे. फवाऱ्याच्या तोट्या सर्वत्र सारखे पाणी टाकीत नाहीत. एखादी तोटी वाकडी झालेली असते, एखादीत कचरा अडकलेला असतो, एखादीचा फवारा अर्धा पदपथावर पडतो. मग ज्या कोपऱ्यात पाणी कमी पडते तो पिवळा दिसू लागतो आणि तो हिरवा करण्यासाठी सगळ्याच तोट्या दुप्पट वेळ चालविल्या जातात. याची परीक्षा अगदी सोपी आहे. सारख्या आकाराच्या वीस वाट्या हिरवळीवर सारख्या अंतराने मांडाव्या, पंधरा मिनिटे फवारे सोडावे आणि प्रत्येक वाटीतील पाणी मोजावे. सर्वांत कमी भरलेल्या पाच वाट्यांची सरासरी एकंदर सरासरीच्या निम्मीच निघाली, तर त्या कोपऱ्यांची गरज भागविण्यासाठी एकंदर दुप्पट पाणी सोडावे लागते. म्हणजे आणखी तीस माणसांचे पाणी केवळ वाकड्या तोट्यांपायी जमिनीत मुरते किंवा गटारात जाते. पंधरा मिनिटांच्या या परीक्षेस वीस वाट्यांवाचून काही खर्च नाही.

झुडपे व वृक्ष यांच्यासाठी फवारा मुळी नकोच. तेथे ठिबक योग्य. ठिबकाची कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. शिवलिंगावर टांगलेले अभिषेकपात्र हे थेंबाथेंबाने, एकाच जागी व अखंड पाणी देण्याचे साधनच आहे. रोपाशेजारी सच्छिद्र मडके पुरून ते भरून ठेवण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. आधुनिक ठिबक १९६५ साली इस्रायलमधील हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीत सिम्हा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेवरून व्यापारी स्वरूपात आले, आणि पुढे जळगावच्या केळीबागांनी व नाशिकच्या द्राक्षमळ्यांनी ते आपलेसे केले. तासाला दोन किंवा चार लिटर पाणी देणाऱ्या बारीक तोट्या थेट मुळांशी पाणी पोहोचवितात. पान भिजत नाही, वाट भिजत नाही. खानदेशातील शेतकऱ्याने जे आत्मसात केले, ते मुंबईच्या संगमरवरी कचेरीस जड जाऊ नये.

दमट हवेत पान न भिजणे याचे महत्त्व विशेष आहे. कोरड्या मुलुखात ओले पान घटकाभरात वाळते. आपल्याकडे संध्याकाळी भिजलेले पान रात्रभर ओले राहते, आणि बहुतेक बुरशीजन्य रोगांस हेच हवे असते. म्हणून फवाऱ्याने पाणी द्यावयाचे झाल्यास ते पहाटे द्यावे. त्या वेळी पाने दवाने भिजलेलीच असतात, वारा मंद असतो आणि ऊन आले की ती लवकर वाळतात. गवतावर तपकिरी चट्टे दिसले की पाणी कमी पडले असे समजून ते वाढविले जाते. पुष्कळदा ते चट्टे जास्त पाण्याचेच असतात, आणि औषधच रोग वाढविते.

आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत यासाठी एक मार्मिक शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. माती ओलीही हवी आणि तिच्यात हवाही खेळती हवी, अशी जी नेमकी स्थिती, ती वाफसा. मुळांस पाण्याइतकाच श्वासही लागतो, हे या एका शब्दात साठविलेले आहे. बागेत पाणी द्यावयाचे ते चिखल करण्यासाठी नव्हे, तर वाफसा राखण्यासाठी. एक फूट खोल चांगल्या मातीत झाडांस घेता येईल असे सुमारे ४५ मिलिमीटर पाणी मावते. त्यातील निम्मे संपेपर्यंत झाडास त्रास होत नाही. रोज ४ मिलिमीटर खर्च धरला तर ही निम्मी शिल्लक पाच दिवस पुरते. म्हणजे अशा जमिनीत मुरलेल्या झुडपांस पाचव्या दिवशी भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडले तर मुळे वरच्या दोन बोटे मातीतच राहतात आणि झाड कायमचे परावलंबी होते. तळघरातील वाहनतळाच्या छतावर पातळ थरात केलेल्या बागांचे गणित मात्र निराळे. तेथे साठा लहान असल्याने पाणी थोडे व अधिक वेळा द्यावे लागते आणि निचऱ्याची वाट मोकळी ठेवावी लागते. एकाच झडपेवर हिरवळ, झुडपे व कुंड्या जोडल्या असतील, तर सर्वांत तहानलेल्याच्या मापाने सर्वांस पाणी मिळते. म्हणून प्रत्येक गटास निराळी झडप असावी.

पावसाळ्यात आणखी एक चमत्कारिक दृश्य कित्येकांनी पाहिले असेल. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि बागेतील स्वयंचलित फवारे नेमल्या वेळी इमानाने सुरू होतात. ते यंत्र कोणीतरी मे महिन्यात लावून दिलेले असते आणि नंतर त्याकडे कोणी पाहिलेले नसते. पाऊस पडताच पाणी बंद करणारे छोटे उपकरण बाजारात मिळते. तेही नको असेल तर जूनमध्ये मुख्य झडप बंद करावी आणि पावसाने ताण दिला तरच उघडावी. पाऊस ओसरल्यावरही जमिनीत साठा असतो, तो आधी वापरू द्यावा. पावसाळ्यात बागेची खरी सेवा पाणी देण्यात नसून साचू न देण्यात आहे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत व तुंबलेल्या आळ्यांत जे स्वच्छ पाणी साचते, त्यातच डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते, हे विसरता कामा नये.

आता जो दमटपणा आपणांस इतका नकोसा होतो, त्याच्याकडून मिळणाऱ्या एका देणगीविषयी सांगतो. वातानुकूलन यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्प जमते व त्याचे पाणी नळीवाटे बाहेर पडते. यंत्राच्या गारव्याची शक्ती टनांत मोजतात. दमट दिवशी एका टनामागे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी निघते. पाचशे टनांची यंत्रणा दहा तास चालली तर अडीच ते पाच हजार लिटर झाले. यंत्रणा नेहमी पूर्ण शक्तीने चालत नाही म्हणून त्याच्या निम्मेच धरले, तरी आपल्या त्या हिरवळीची मोठी गरज भागते. हे पाणी क्षारविरहित असते. पिण्यास ते योग्य नव्हे, परंतु टाकीत साठवून, गाळून ठिबकाने बागेस देण्यास उत्तम. हवा जितकी दमट, तितके ते अधिक निघते. आज पुष्कळ ठिकाणी ते भिंतीवरून ओघळून डाग पाडते व गटारात जाते. मोठ्या संकुलात सांडपाणी शुद्ध करण्याची सोय असेल तर तेही बागेस चालते. मात्र ते हवेत उडवू नये, गाळण्या वेळोवेळी धुवाव्या व नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ काढावा, नाहीतर ठिबकाच्या तोट्या शेवाळाने बुजतात.

शेवटी माळ्याविषयी दोन शब्द. पाणी वाया गेले की दोष त्याच्या माथी मारला जातो. परंतु व्यवस्थापक सकाळी येतो, जमीन कोरडी दिसली तर माळ्यास बोल लावतो, आणि ओली दिसली तर समाधानाने आत जातो. मग माळी रोज जमीन ओली करून ठेवणार नाही तर काय करील? त्यास ओल दाखविण्याचे नव्हे, वाफसा राखण्याचे काम सांगावे. मातीत वीतभर काठी खोचून ती ओली निघते की कोरडी, हे पाहून पाणी देण्याचा अधिकार त्यास द्यावा आणि बागेच्या नळावर निराळा मीटर बसवून त्याचा आकडा दर आठवड्यास लिहून ठेवावा.

आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या कचेरीत काम करतात, कित्येकजण गृहसंस्थांच्या समित्यांवर आहेत. पुढच्या सभेत आपण तीनच प्रश्न विचारावे: बागेच्या पाण्याचा मीटर निराळा आहे काय? पावसात फवारे बंद होतात काय? आणि वातानुकूलन यंत्रांचे पाणी कोठे जाते? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर बाग हिरवी राहीलच, आणि शहापूरकडून येणाऱ्या पाण्याचा काही भाग ज्याच्या घशाला कोरड आहे त्याच्यासाठी शिल्लक राहील.