सारखा, जणू आणि पांढरं सोनं



सचिवांनी मला अलंकारांवर बोलायला सांगितलं आहे. उपमा म्हटलं की तुम्हाला बशीतला उपमा आठवतो. तो कार्यक्रमानंतर आहे, आधी हा घ्या.

आपल्या पिंपळगाव राजाच्या शिवारातला कापूस तुम्ही पाहिला आहे. 'कापूस दुधासारखा पांढरा आहे.' ज्याची तुलना करायची तो कापूस, म्हणजे उपमेय. ज्याच्याशी करायची ते दूध, म्हणजे उपमान. पांढरेपणा दोघांतही आहे आणि 'सारखा' हा शब्द त्यांना जोडतो. आजी 'दुधावानी' म्हणते, तेही चालेल. ही झाली उपमा. 'फुटलेला कापूस जणू चांदणंच!' ही उत्प्रेक्षा. इथेच पुष्कळ मुलं उपमा लिहून मार्क घालवतात. आणि 'कापूस हे पांढरं सोनं आहे' यात सारखा नाही, जणू नाही, दोन्ही एकच झाले. हे रूपक. ज्ञानेश्वरीच्या आरंभी माउलींनी अख्खा गणपती रूपकात उभा केला आहे. सहा दर्शनं हे त्याचे सहा हात.

पण नुसते शब्द शोधू नका बरं. 'बंड्या सारखा खेळतो' यातही 'सारखा' आहे, उपमा कुठे आहे?

एक जुनी गोष्ट सांगतो. मी बँकेत असताना पीककर्जासाठी आलेल्या एका शेतकऱ्यानं टेबलावर कापसाचं बोंड ठेवलं. म्हणाला, "साहेब, हे पांढरं सोनं हाये." मी चटकन म्हणालो, "मग सोनेतारणात ठेवा!" सगळी शाखा हसली. तो हसला नाही. बोंड खिशात घातलं अन् निघून गेला. मागच्या थकबाकीमुळे कर्ज तसंही बसत नव्हतं, पण ते नीट समजावून सांगता आलं असतं. आज इतक्या वर्षांनीही ते बोंड डोळ्यांसमोर येतं.

परवा आपल्याच सोसायटीतल्या एका चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, कापूस सोनं नाहीच, तर रूपक म्हणजे खोटं बोलणंच ना?" मी म्हणालो, "नाही बेटा. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्यानं ते खरं मानावं. रूपक करणाऱ्याला वाटतं, समोरच्यानं आपलं मन ओळखावं." कापूस सोनं नाही, हे त्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चला, आता प्रत्येकानं एकेक रूपक सांगा. कापूस सोडून.