मतांचें माप आणि न्यायालयाचा दरवाजा

(गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



निवडणुकीचा निकाल लागला कीं गांवांत दोन तऱ्हेचीं माणसें दिसूं लागतात. एक म्हणतो, "झालें तें झालें, आतां कोर्टकचेरी कशाला?" दुसरा हरल्याबरोबर ओरडतो, "मोजणींत लबाडी आहे, कोर्टांत खेंचतों!" दोघांचेंही म्हणणें अर्धवट आहे, म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

खळ्यावर मापाड्याचें माप चुकलें तर आपण रास पुन्हां मापतों. मापाडी वजनदार माणूस आहे म्हणून गप्प बसत नाहीं. आणि नुसता संशय आला म्हणून रोज रास उपसतही नाहीं. मतांचेंही असेंच आहे. मोळीविक्याचें मत एक आणि कारखानदाराचेंही एकच. वर्षभर आपल्याला कोणी विचारीत नाहीं, पण त्या एका दिवशीं आपण सर्वांच्या बरोबरीचे असतों. ही बरोबरी मोजणाऱ्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानें बुडूं शकते. तेथें दाद मागण्याची जागा म्हणजे न्यायालय.

आपल्या घटनेनें या कामीं एक मर्यादा घातली आहे. निवडणूक चालू असतां न्यायालयानें मध्यें पडूं नये. निकालानंतर निवडणूक अर्ज करून दाद मागावी. सर्वोच्च न्यायालयानें हें 1952 सालच्या पोन्नुस्वामी खटल्यांत स्पष्ट केलें. पुढें 1964 सालीं रामसेवक यादव खटल्यांत सांगितलें कीं, केवळ शंकेवरून मतपत्रिका उघडतां येणार नाहींत. कोठें, कोणती, किती चूक झाली याचा नेमका तपशील द्यावा लागेल. कारण मत गुप्त आहे. हरणाऱ्या प्रत्येकाच्या शब्दावर पेट्या उघडूं लागलों, तर उद्यां गरीब माणूस सावकाराच्या भीतीनें मत देईल.

पण नेमकी तक्रार असली म्हणजे न्यायालय काय करूं शकतें, तेंही ऐका. 30 जानेवारी 2024 रोजीं चंदीगडच्या महापौरपदाची निवडणूक झाली. मतें अवघीं 36. मोजणाऱ्या अधिकाऱ्यानें एका बाजूचीं 8 मतें बाद ठरविलीं व 12 विरुद्ध 16 असा निकाल सांगितला. त्या मतपत्रिकांवर तो स्वतःच खुणा करीत असलेला चित्रफितींत दिसला. सर्वोच्च न्यायालयानें मतपत्रिका समोर मागवून पाहिल्या, आठही मतें खरीं ठरविलीं, आणि 20 फेब्रुवारीस 20 मतें मिळविणारे कुलदीप कुमार निवडून आल्याचें जाहीर केलें.

दुसरी गोष्ट तर आपल्यासारख्याच एका गांवाची आहे. हरियाणांतील पानिपत जिल्ह्यांत बुआना लाखू नांवाचें गांव आहे. तेथें 2 नोव्हेंबर 2022 रोजीं सरपंचाची निवडणूक झाली व मोजणीचा तंटा लागला. निवडणूक न्यायाधिकरणानें एका केंद्राची फेरमोजणी सांगितली. उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. शेवटीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही केंद्रांचीं यंत्रें दिल्लीस आणविलीं व दोन्ही पक्षांसमक्ष, चित्रीकरण करून, मोजणी केली. एकूण मतें 3767. हरलेला म्हणून घरीं बसविलेल्या उमेदवारास 1051 व खुर्चीवर बसलेल्यास 1000 मतें निघालीं! 11 ऑगस्ट 2025 रोजीं खऱ्या विजयी उमेदवारास सरपंच जाहीर करण्याचा हुकूम झाला.

टाळ्या वाजवूं नका. आधीं हिशेब करा. सरपंचाची मुदत पांच वर्षांची, आणि त्यांतलीं पावणेतीन वर्षें ज्याला गांवानें निवडलें नाहीं त्यानें कारभार केला. पीक करपून गेल्यावर पाटाचें पाणी आलें, तर त्याला न्याय म्हणावें काय? आमदार-खासदारांच्या निवडणूक अर्जांचा निकाल उच्च न्यायालयानें सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असें कायद्यांत लिहिलें आहे. तें कागदावर राहूं नये, ही मागणी तुमची-आमची आहे.

न्यायालय फेरमोजणी करवितें, तसें थांबवितेंही. अमेरिकेंत 2000 सालीं अध्यक्षपद फ्लोरिडा या एका प्रांतावर येऊन ठेपलें. सुमारें साठ लाख मतांत बुश यांची आघाडी 537. प्रांताच्या न्यायालयानें हातानें फेरमोजणी सांगितली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें 12 डिसेंबर रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं ती बंद केली. मोजणीस सर्वत्र एकच नियम नाहीं, हा दोष सात न्यायाधीशांस दिसला. पण नियम नीट करून मोजूं द्यावें कीं मोजणीच थांबवावी, यावर ते फुटले. यावरून धडा एवढाच कीं, मापाचा नियम रास मापण्यापूर्वीं ठरला पाहिजे. मागाहून ठरविलेला नियम कितीही चांगला असला, तरी हरणाऱ्याला तो आपल्याविरुद्धच वाटतो.

तेव्हां आपण काय करावें? मोजणीस लिहितां-वाचतां येणारा, न भिणारा प्रतिनिधी बसवा. घरची शिकलेली मुलगी असली तर तिला बसवा. विधानसभा-लोकसभेच्या वेळीं केंद्रावरील मतांच्या हिशेबाची नक्कल, म्हणजे नमुना 17-क, मागून घ्या. आंकडा जुळत नसेल तर निकाल जाहीर होण्यापूर्वींच फेरमोजणीची मागणी लेखी करा. आरडाओरडा हवेंत विरतो, कागद राहतो. आणि मुदत विसरूं नका. आपल्या राज्यांत ग्रामपंचायतीसाठीं निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे, व आमदार-खासदारासाठीं 45 दिवसांत उच्च न्यायालयांत अर्ज करावा लागतो. मुदत टळली कीं खरा माणूसही खोटा ठरतो.

चूक नसतां कोर्टांत जाणारा गांवाचा पैसा व सलोखा दोन्हीं घालवितो. पण चूक दिसत असतां गप्प बसणारा आपल्या शेजाऱ्याचें मत बुडूं देतो. माप खरें असेल तर हार पत्करा, खोटें असेल तर दरवाजा ठोठवा, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.