कार्ल्याच्या स्तंभांवरील नावे



दीक्षा घेतल्यानंतर आपल्या वस्त्यांत एक प्रश्न हळूहळू डोके वर काढतो. विहारात निरनिराळ्या जातींतून व जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे एकत्र बसू लागतात. कोणाची बोली वऱ्हाडी, कोणाची कोकणी वळणाची. लग्नातली गाणी निराळी, सणाचे जेवण निराळे. मग ‘ते आपल्यातले नव्हेत’ असे शब्द कानी येतात. सोयरिकीची वेळ आली म्हणजे तर पोटजातही विचारली जाते! या प्रश्नाचे उत्तर मी आज कार्ल्याच्या डोंगरात शोधणार आहे.

तेथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले. ते एकट्या राजाच्या पैशाने झालेले नाही. स्तंभांवर, कठड्यावर, दारापाशी दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आहे. जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्णत्वास नेले, असे तो अभिमानाने सांगतो. धेनुकाकटचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याच गावचा सामी सुतार, वेणुवासाचा पुत्र. प्रवेशद्वाराचे काम त्याचे. सोपाऱ्याहून आलेला धर्मपाठक सातिमित्र आहे, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत.

आणि यवन आहेत! यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक. एका स्तंभावरील यवनाचे नाव चक्क ‘धम्म’ आहे. नाव धम्माचे, पण यवनपण त्याने लपविले नाही, आणि त्याचा स्तंभ इतरांच्याच ओळीत उभा आहे.

शक क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. चारही दिशांकडून आलेल्या भिक्षूंसाठी, असे लेखात स्पष्ट आहे. (त्याच लेखात तीन लक्ष गायी दान दिल्याचेही तो सांगतो. राजांचा हात सर्वत्रच सैल!) पुढे सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली, पण गाव भिक्षुसंघाकडेच ठेवणारा सातवाहन राजाचा लेखही तेथेच आहे. वैरी बदलले, संघाचा निर्वाह चालू राहिला.

मात्र यावरून कोणी जातिभेदालाच ‘आमची विविधता’ म्हणून पाठीशी घालू लागेल, तर त्यास आपण साफ नकार दिला पाहिजे. बोली, गाणे, भाकरीची चव ही माणसाने सोबत आणलेली शिदोरी होय. ती वाटून खाता येते. जात वाटून खाता येत नाही. ती एकाला वर व दुसऱ्याला खाली बसविते. म्हणूनच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत जातींना राष्ट्रविरोधी म्हटले.

तेव्हा आपल्या विहाराच्या भिंतीवर दात्यांचा फलक लागेल, त्या वेळी नाव, गाव आणि धंदा लिहा. अक्षरे सर्वांची सारख्या आकाराची ठेवा. पौर्णिमेच्या भोजनात दर खेपेला वेगळ्या घराला स्वयंपाक सांगा, आणि तो त्यांच्याच पद्धतीचा होऊ द्या. मुलामुलींच्या सोयरिकीत पोटजात विचारणाऱ्यास, तो घरातला वडीलधारा असला तरी, नम्रपणे पण तेथल्या तेथे थांबवा.

आणि मुलांना एकदा कार्ल्यास न्या. मळवली स्टेशनावर उतरून जाता येते. सामी सुताराचे नाव प्रवेशद्वारापाशीच आहे.