धोट्याचा धागा
(कोल्हापूरच्या मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक पास, कविता करतो. ‘नोकरभरतीची रीत आणि कारखान्यातली नवी कल्पना’ असा विषय मला दिला तेव्हा हसू आलं. मग धोटा आठवला.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात पाऊल टाकू देत नव्हते. पगार तिथंच जास्त. कारण काय, तर कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. आपली थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! आणि हाच धोटा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९११ साली कायद्यानं बंद केला. हातानं ओवायचा धोटा निघाला होता. इथं यंत्र बदललं नाही, माणूस बाहेर ठेवला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनला बजावलं, सगळी खाती आमच्या माणसांना खुली करा, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. युनियननं नाइलाजानं मागणी घातली. मालक म्हणाले, अन्याय असेल, पण तो आमचा नाही. बरोबरच आहे! भरती जॉबरच्या हातात, जॉबर जातीच्या हातात, मालकाचे हात धुतलेले.

या गावात उलटं घडलं होतं. १८९४ ला करवीर दरबारात ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांचा हुकूम निघाला, रिकाम्या होतील त्यातल्या निम्म्या जागा मागासांना. त्यातली खरी मेख कुणी सांगत नाही. खातेप्रमुखानं दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता धाडायचा! १९१२ ला ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५. अस्पृश्य पोरं माहूत झाली, मोटार हाकू लागली, तलाठी झाली.

आता माझं. मी कंत्राटावर. हुकानं पोती फाटतात, नुकसान आमच्या मजुरीतून कापतात. मुकादमाला म्हटलं, हूक सोडा, रुंद पट्टा आणा. म्हणाला, “कवी, तू उचल.” वर्षानं पट्टे आले. बक्षीस ऑफिसातल्या बाबूला. सूचनापेटी आहे हो, पण ऑफिसच्या आत, आणि आमचा पास गेटापुरता. जपानात टोयोटा १९५१ पासून कामगारांच्या सूचना घेते, तिथला कामगार दोरी ओढून अख्खी लाईन थांबवतो. आम्ही काम थांबवलं तर संध्याकाळी पास काढून घेतील. मग सुचलेलं सांगतो कोण? मी तर आता सांगतच नाही. कवितेत घालतो.

तुमच्यातले कितीजण शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत जातात? उद्या बघून या. पेटी कुठं टांगलीय, कायम किती, कंत्राटी किती, कुठल्या खात्यात आपलं एकही माणूस नाही. पुढच्या बैठकीला तक्ता घेऊन या.