पहिलें मानाचें घड्याळ : नवें कीं वापरलेलें?

खिशांतला फोन क्षणाक्षणाची अचूक वेळ सांगत असतां एखादा सुजाण गृहस्थ दोन-तीन वर्षांची शिल्लक स्वित्झर्लंडच्या चावीच्या घड्याळावर खर्च करतो, तेव्हां तो वेळ पाहण्याचें साधन विकत घेत नसतो, हें प्रथमच मान्य केलेलें बरें. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, आणि अचूकपणाच्या शर्यतींत चक्रांचें घड्याळ मागें पडलें. स्विस क्रोनोमीटर-परीक्षेंत उत्तीर्ण होणाऱ्या यंत्रासहि सरासरीनें दिवसाकाठीं चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. पदपथावरचें बॅटरीचें घड्याळहि त्याहून कितीतरी कमी चुकतें. मग घेणारा घेतो काय? कारागिरी, थोडा मान, आणि पुढें मुलाच्या मनगटावर जाईल अशी एक वस्तु. हें ध्यानांत घेतलें म्हणजे नवें कीं वापरलेलें, हा प्रश्न केवळ किंमतीचा उरत नाहीं.

नव्याची बाजू थोडक्यांत सांगतां येते. अधिकृत दुकानांत हमीपत्र मिळतें, पाणी अडविणारीं रबरी कडीं ताजीं असतात, आणि यंत्र कोणाच्या हातीं उघडलें गेलें ही शंका उरत नाहीं. त्याबद्दल मोल पडतें तें असें कीं, बहुतेक घड्याळें दुकानाची पायरी उतरतांच वापरलेलीं ठरतात व त्यांचा भाव उतरतो. रोलेक्सचे कांहीं नमुने याला अपवाद आहेत. २०२२ च्या आरंभीं ते वापरलेल्या स्थितींतहि छापील किंमतीच्या कितीतरी वर विकले जात होते. त्याच वर्षीं पुढें ते भाव घसरले, आणि मनगटावरच्या वस्तूला शेअर समजणाऱ्यांची तारांबळ उडाली.

वापरलेल्या घड्याळाची कथा मात्र लांब आहे, आणि मुंबईकरांस ती परकी नाहीं. फेवर ल्युबा ही स्विस पेढी १८६५ सालीं मुंबईंत आली. वेस्ट एंडचीं घड्याळेंहि येथें पिढ्यान्‌पिढ्या खपलीं. त्यामुळें जुन्या स्विस घड्याळांचा सांठा या शहरांत मोठा आहे, आणि त्यांना नटविण्याचा धंदाहि. झिजलेल्या यंत्रावर नव्यानें रंगविलेली भडक तबकडी बसवावी, दुसऱ्याच घड्याळाचे कांटे जोडावे, पेटी घासूनपुसून चकचकीत करावी, कीं झालें! जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. शहराच्या नांवाला हा अलंकार कांहीं शोभत नाहीं.

जुन्या घड्याळाचें मोल बव्हंशीं तबकडींतच असतें. म्हणून डोळ्याला भिंग लावून ती पाहावी. मूळ छपाईंत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात व मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर पडतात. हातानें रंगविलेल्या तबकडीवर अक्षरें फुगतात, रेघा कांट्यांशीं जुळत नाहींत. दुसरी कसोटी अंधाराची. साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या तबकडीवर चमकण्यासाठीं रेडियमचा लेप असे, पुढें ट्रिटियमचा आला. दोन्हींचें तेज केव्हांच मावळलें आहे. तेव्हां १९५५ चें म्हणून दाखविलेलें घड्याळ उजेडांतून अंधारांत नेतांच हिरवें झळाळूं लागलें, तर तो लेप अलीकडचा समजावा. मात्र रेडियमचें तेज गेलें तरी किरणोत्सर्ग जात नाहीं. असें घड्याळ घरीं उघडून खरवडणें धोक्याचें आहे.

पेटीच्या कडा गोलावल्या असतील तर ती वारंवार पॉलिश झाली आहे, आणि गेलेली धातु परत येत नाहीं. यंत्रांतलें तेल कांहीं वर्षांनीं सुकतें. शेवटची सफाई केव्हां झाली याची पावती नसेल, तर तो खर्च किंमतींत मिळवूनच सौदा करावा. विकणारा मागचें झांकण उघडूं देत नसेल, तर सौदा तेथेंच थांबवावा.

२०२२ च्या डिसेंबरांत रोलेक्सनें स्वतः तपासलेलीं वापरलेलीं घड्याळें दोन वर्षांच्या हमीनें अधिकृत विक्रेत्यांकडून देण्यास आरंभ केला. त्यांत स्वस्ताई थोडी, पण निश्चिंतता बरीच. ज्याला भिंगांतून पाहण्याची संवय नाहीं आणि ओळखीचा घड्याळजी नाहीं, त्यानें पहिल्या खेपेस अशी हमी घ्यावी, किंवा थोड्या लहान नांवाचें कां होईना, नवें घ्यावें. चांगला घड्याळजी लाभला असेल, तर दहा-पंधरा वर्षांचें, सुटे भाग अद्याप मिळणारें घड्याळ नव्याहून सरस सौदा ठरतें. पन्नास वर्षांपूर्वींचें मात्र दुसऱ्या खेपेस.

याला अपवाद एकच. अनेक घरांत आजोबांचें बंद पडलेलें स्विस घड्याळ कपाटाच्या खणांत पडलेलें असतें. त्याचा पूर्वेतिहास घरालाच ठाऊक असतो. दुकान गांठण्यापूर्वीं तें घड्याळजीला दाखवावें. यंत्र साफ करावें, चावी झिजली असेल तर बदलावी. पण तबकडी डागाळलेली असली तरी ती रंगवूं नये, असें त्याला काम देतांनाच बजावून सांगावें.