वाढदिवस पोरांचा, टेन्शन आपल्याला कशाला?

दुसऱ्याचं स्टेटस बघून आपण हॉल, बलूनची कमान, थीमचा केक ठरवतो, आणि मग हप्ते भरताना घरात भांडणं. पाच वर्षांच्या पोराला काय हवं असतं? चार मित्र आणि पळायला जागा!

मग रत्नागिरीकरांनो, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चला. दोनच तास, आमंत्रणातच लिहा. भरतीची वेळ आधी बघा. एक मोठा माणूस फक्त पोरांवर लक्ष ठेवायला. कचरा परत घरी आणायचा.

जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा घरीच औक्षण, भेळ, पासिंग द पार्सल. मे महिन्यात? मुंबईचे चाकरमानी आलेले असतातच. भावंडांचीच पार्टी, आमरस-पुरी! उरलेले पैसे पोराच्या नावाने पोस्टात टाका. भेटू पुढच्या भागात!